वरचा पेपर

जीवशास्त्र शिकवणाऱ्या मिसेस थ्वेट यांचं ते वाक्य लोर्ना हेस्केथसाठी नव्हतंच. जीवशास्त्राच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या एका उंच गृहस्थांनी काहीतरी विचारलं आणि बाईंनी त्यांना उत्तर दिलं, एवढंच.

‘‘सहा ग्रेड लागते, आणि सहा फक्त हायरच्या पेपरातून येते. फाउंडेशनचा पेपर दिला असेल तर पाचाच्या वर काही नाही. सगळं बरोबर लिहिलं तरी पाचच.’’

लोर्नाने हातातला चहाचा कागदी पेला टेबलाच्या कडेवर ठेवला.

मार्चमधली शुक्रवारची संध्याकाळ होती. सिक्स्थ फॉर्मने सप्टेंबरपासून येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडलांना बोलावलं होतं. हॅसलडेन खोऱ्यातल्या पाच-सहा शाळांतली मुलं सोळाव्या वर्षी मोठी परीक्षा देतात आणि ज्यांना पुढे विद्यापीठात जायचं असतं ती दोन वर्षांसाठी इथे येतात. विषय तीनच घ्यायचे, आणि कोणता मिळणार ते शाळेच्या परीक्षेतल्या ग्रेडवर ठरतं. लोर्नाच्या मुलीने, टेगनने, जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी निवडलं होतं. इंग्रजी आणि मानसशास्त्र जागा भरायला. खरं हवं होतं ते जीवशास्त्र, कारण तिला मिडवाइफ व्हायचं होतं. मागच्या उन्हाळ्यात शाळेने मुलांना आठवडाभर कामाचा अनुभव घ्यायला पाठवलं तेव्हा ती हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वॉर्डात चादरी बदलत होती. घरी आली ती ठरवूनच.

आणि टेगन विज्ञानाच्या फाउंडेशन पेपरला बसणार होती.

‘‘बिस्किटं संपली,’’ जनीन पिकप शेजारी येऊन म्हणाली. तिचा रोरी आणि टेगन नर्सरीपासून एका वर्गात. ‘‘आमच्या चिरंजीवांनी संपवली. तीन-तीन विज्ञानं घेतलीत म्हणे, मेंदूला साखर लागते. काय गं, बरी आहेस ना? पांढरी पडलीस.’’

‘‘गरम होतंय इथे.’’

‘‘गरम? माझे पाय गोठलेत.’’

लोर्नाने आवाज शक्य तितका साधा ठेवला. ‘‘जनीन, हे फाउंडेशनचं काय म्हणत होत्या त्या? पाचाच्या वर नाही म्हणजे?’’

‘‘म्हणजे नाहीच. सोपा पेपर असतो तो. जास्तीत जास्त पाच. नऊपर्यंत जायचं तर हायर. पण हायरला दुसरी गंमत आहे. त्यात फार खाली गेलीस तर तीन नाही, दोन नाही, काहीच देत नाहीत. यू लिहितात. खालच्या पेपराला छत आहे आणि वरच्याला जमीन नाही, असं आमचे हे म्हणतात. रोरी वर्षभर आम्हाला हेच ऐकवतोय.’’ मग ती थांबली. ‘‘टेगन हायरलाच आहे ना?’’

‘‘हो,’’ लोर्ना म्हणाली. ‘‘मी सहजच विचारलं.’’

परतताना टेगन मागच्या सीटवरून अखंड बोलत होती. तिला प्रयोगशाळेत नेलं होतं, मेंढीचं हृदय हातात दिलं होतं, शेजारच्या शाळेतल्या दोन मुलींशी ओळख झाली होती, गळ्यात घालायची ओळखपत्राची निळी पट्टी मिळाली होती. मिसेस थ्वेट भयंकर आहेत पण चांगल्या अर्थाने, असं तिचं मत पडलं.

‘‘भयंकर म्हणजे?’’ गाडी चालवताना तिच्या वडलांनी, नीलने विचारलं. ‘‘तुझ्या आजीसारख्या?’’

‘‘आजीपेक्षा बऱ्या. त्या ऐकून घेतात.’’

नील हसला. लोर्ना खिडकीतून बाहेर बघत राहिली.

ही चूक कशी झाली ते सांगायचं तर डिसेंबरपासून सांगायला हवं. सराव परीक्षेत रसायनशास्त्राचा पेपर समोर आला आणि टेगनला श्वास घेता येईना. दोन शिक्षकांनी तिला धरून नर्सच्या खोलीत नेलं. लोर्ना दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. ती तिथून धावत शाळेत पोचली तेव्हा टेगन खुर्चीत बसली होती आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं आत वळून ताठ झाली होती. ती सरळ होत नव्हती. नर्सने समजावलं की फार भराभर श्वास घेतला की असं होतं, थोड्या वेळात जाईल. ते गेलंही. लोर्नाच्या डोळ्यांसमोरून मात्र ते हात गेले नाहीत.

जानेवारीत पालकसभा झाली. हॉलमध्ये रांगेने टेबलं, प्रत्येक शिक्षकापाशी पाच मिनिटं, पाठीमागे पुढचे आईवडील कोट हातात घेऊन उभे. विज्ञानाचे मिस्टर ऑलरेनशॉ म्हणाले, टेगनसाठी मी फाउंडेशन सुचवेन, तिचा ताण कमी होईल. नील गवंडी आहे. चोवीस वर्षं विटा रचतोय, आणि फाउंडेशन म्हणजे त्याच्या दृष्टीने घराचा पाया. तो खूश होऊन म्हणाला, ‘‘बरोबर आहे सर. पाया आधी पक्का करा. त्याशिवाय मी वीट ठेवत नाही. वरचं मग चढवता येतं.’’ सर हसले, त्यांनी मान डोलावली. लोर्नालाही बरं वाटलं. आधी फाउंडेशन, मग हायर, अशीच दोघांची समजूत झाली. नाव तसंच होतं.

आणि टेगन सुधारली. झोपायला लागली. वर्गातल्या चाचणीत तिला पाच मिळाले, पुढच्या चाचणीतही पाच. पहिल्या पाचाच्या दिवशी नीलने सगळ्यांसाठी फिश अँड चिप्स आणले. सिक्स्थ फॉर्मने जागा देताना सहाची अट घातली होती, तेव्हा तो म्हणाला, एकच पायरी राहिली.

शनिवारी सकाळी टेगन बेकरीत कामाला गेल्यावर लोर्ना चर्चच्या मागच्या रस्त्यावर गेली. तिथे एका घरापुढे नील बागेची बुटकी भिंत बांधत होता. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. हातातल्या थापीवरचा सिमेंटचा माल हळूहळू ओघळला, तो त्याने बघितलाही नाही.

‘‘पण ते म्हणाले फाउंडेशन,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘मग पायाला कोण छत घालतं? कुठल्या गाढवाने नाव ठेवलंय?’’

‘‘नील.’’

‘‘मी त्यांना तोंडावर सांगितलं, वरचं मग चढवू. ते हसले.’’

‘‘त्यांना वाटलं तू विनोद केलास.’’

‘‘मी विनोद केला नव्हता.’’ तो वाळूच्या गोणीवर बसला. ‘‘म्हणजे पोरगी रोज सकाळी उठून त्या सहाचा अभ्यास करते, आणि ते सहा त्या कागदावर नाहीतच.’’

 लोर्ना रात्रभर याच वाक्याभोवती फिरत होती, फक्त तिला ते असं सरळ म्हणता आलं नव्हतं.

परीक्षा जवळ आली की शनिवारी शाळेत उजळणीचे तास चालतात. मिस्टर ऑलरेनशॉ तिथे होतेच. तास संपेपर्यंत दोघं व्हरांड्यात थांबले. नीलच्या बुटांना माल लागला होता, म्हणून तो दारातल्या पायपुसण्यावरून पुढे आला नाही. सर बाहेर आले, चाळिशीचा, खांदे पडलेला, घसा बसलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकलं.

‘‘मी सांगितलं होतं तुम्हाला,’’ मग ते म्हणाले. ‘‘पाचाचं. निदान मला वाटतं सांगितलं. त्या संध्याकाळी मी साठ घरांशी बोललो. वर्गातही सांगितलं होतं, पण तेव्हा टेगनचं कशातच लक्ष नव्हतं. आणि तुम्ही इतक्या खात्रीने हो म्हणालात की मला वाटलं, तुमचं घरी बोलणं झालंय.’’

‘‘तिला जीवशास्त्र घ्यायचंय हे तुम्हाला माहीत नव्हतं?’’ लोर्नाने विचारलं.

‘‘जानेवारीत ती माझ्याशी काहीच बोलत नव्हती, मिसेस हेस्केथ. ती वर्गात बसत होती हेच मला पुष्कळ वाटत होतं.’’

‘‘आता बदलता येईल?’’

‘‘सोमवारी सकाळी. दुपारी शाळेकडून परीक्षा मंडळाला शेवटची दुरुस्ती जाते. त्यानंतर मला काही करता येणार नाही.’’

‘‘तिला जमेल का?’’ नील म्हणाला. ‘‘खरं सांगा. पालकसभेतलं नको.’’

सरांनी घसा साफ केला. ‘‘हायरचा भाग तिचा मागे पडलाय. दोन महिन्यांत भरून निघेल, मी जेवणाच्या सुटीत घेईन. ती नेहमीसारखी लिहीत राहिली तर सहा मिळू शकतात. मिळतीलच असं नाही. पण डिसेंबरसारखं झालं आणि ती एका पेपरातून उठली, तर यू. आणि विज्ञान दोन विषयांइतकं धरतात. दोन्ही जातील. मग जीवशास्त्र राहू द्या, सिक्स्थ फॉर्मला प्रवेशच कठीण होईल. फाउंडेशनला राहिली तर पाच-पाच नक्की. त्यावर आरोग्यसेवेचा दुसरा अभ्यासक्रम मिळतो. वाईट नाही तो.’’

‘‘त्यातून मिडवाइफ होता येतं?’’

‘‘कधी कधी. लांबच्या रस्त्याने. विद्यापीठावर आहे.’’

‘‘तुम्ही काय कराल?’’ लोर्नाने विचारलं.

‘‘ते मला विचारू नका,’’ सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघून तिला कळलं की हा माणूसही घाबरलाय.

गाडीत बसल्यावर नीलने किल्ली फिरवली नाही.

‘‘हायरला घालायचं,’’ तो म्हणाला. ‘‘सोमवारी मी सांगतो त्यांना. तिला मंगळवारी कळू दे. आधी सांगितलं तर दोन दिवस काळजी करत बसेल.’’

‘‘तू ते हात बघितले नाहीस.’’

‘‘ऐकलंय मी.’’

‘‘ऐकणं वेगळं. नील, मला पाच चालतील. दुसरा अभ्यासक्रम चालेल. ऑगस्टमध्ये निकाल लागेल, ती दोन दिवस रडेल, मग नव्या वर्गात मैत्रिणी होतील. तिला सांगायची गरज काय? नशीब म्हणेल आणि पुढे जाईल.’’

‘‘आणि दोन वर्षांनी तो रोरी पिकप तिला सांगेल. खालच्या पेपराला छत असतं, तुला माहीत नव्हतं का म्हणून.’’

‘‘तोपर्यंत ती मोठी झाली असेल.’’

‘‘तोपर्यंत आपण दोघं खोटं बोलत असू.’’

‘‘तू तरी काय वेगळं म्हणतोयस? मंगळवारी सांगू म्हणजे काय?’’

पाठीमागून कोणीतरी हॉर्न दिला. नीलने गाडी सुरू केली.

रविवारी लोर्नाने नेहमीसारखं दुपारचं जेवण केलं. ओव्हनमध्ये भाजलेलं कोंबडीचं मांस, बटाटे, ग्रेव्ही. यॉर्कशर पुडिंगच्या पिठाच्या वाट्या फुगल्याच नाहीत, बशीत चपट्या बसल्या होत्या. नीलने त्यावर काही बोलायला हवं होतं. तो बोलला नाही.

टेगनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. ‘‘कोण मेलंय?’’

‘‘कोणी नाही. जेव,’’ लोर्ना म्हणाली.

‘‘पुडिंगची अशी अवस्था आणि डॅड गप्प? आजीला काही झालंय का?’’

‘‘तुझी आजी आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल,’’ नील म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

टेगनने बटाटा मोडला. ‘‘बरं ऐका. मी काल जुन्या पेपरांचे मार्क मांडले. माझे फक्त नऊ चुकतात आता. मला वाटतं त्यातले चार-पाच बरोबर आले की सहा. सरांना उद्या विचारते, नेमके किती लागतात. मिसेस थ्वेटनी सांगितलंय, सहा आले की ऑगस्टमध्येच वाचायला पुस्तकं देतील. म्हणजे मला मेच्या परीक्षेत...’’

लोर्नाने काटा ठेवला. ती गप्प बसणार होती. सकाळपासून तिने तसं ठरवलं होतं, आणि नीललाही निदान आजचा दिवस गप्प राहायला लावलं होतं. पण मुलगी समोर बसून नसलेल्या सहाचे मार्क मोजत होती, आणि ते ऐकताना लोर्नाला जी भीती वाटली ती त्या हातांच्या भीतीहून वेगळी होती. आत्ता आपण बोललो नाही तर यापुढे हिच्याशी आपल्याला काहीच खरं बोलता येणार नाही, अशी ती होती.

‘‘टेगन, त्या पेपरात सहा नाहीत,’’ ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. फाउंडेशनचं, पाचाचं, सोमवारचं, यूचं. फाउंडेशन म्हणजे पाया अशी समजूत कशी झाली ते नीलने सांगितलं, मान खाली घालून. टेगनचा चेहरा हळूहळू सपाट होत गेला आणि श्वास वर वर यायला लागला. लोर्नाने टेबलावरचे तिचे हात बघितले. टेगनने ते उचलून मांडीखाली दाबले.

‘‘बघू नकोस,’’ टेगन म्हणाली.

‘‘मी नाही...’’

‘‘बघतेस. डिसेंबरपासून तू तेच बघतेस. मी ब्रेडला बटर लावत असले तरी बघतेस. मी घरी आले की आधी हात, मग मी.’’

लोर्नाने नजर ग्रेव्हीच्या भांड्याकडे वळवली. स्वयंपाकघरात फक्त टेगनचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. मधेच अडकत. नील खुर्चीतून अर्धा उठला, पुन्हा बसला. कोणीच तिला हात लावला नाही. बराच वेळ ते तसंच चाललं आणि मग श्वास सावकाश झाला. थांबला नाही, सावकाश झाला, एवढंच.

‘‘तुम्ही दोघं काय ठरवलंत?’’ टेगनने विचारलं.

‘‘तो म्हणतो हायर. मी म्हणते राहू दे.’’

‘‘आणि मला कधी सांगणार होतात?’’

‘‘तो मंगळवारी,’’ लोर्ना म्हणाली. ‘‘मी कधीच नाही.’’

टेगन हसली नाही, रागावलीही नाही. निदान दिसलं तरी नाही. ‘‘सरांशी मी बोलेन,’’ ती म्हणाली. ‘‘सकाळी. तुम्ही दोघं कोणी येऊ नका.’’

‘‘काय सांगणार आहेस?’’ नीलने विचारलं.

‘‘ते मला अजून माहीत नाही, डॅड.’’

तिने तिची बशी उचलली, उरलेले बटाटे नीलच्या बशीत ओतले आणि ती वर गेली. नीलने ते बटाटे खाल्ले. काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं म्हणून खाल्ले असावेत.

सोमवारी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. लोर्ना दोघांना चुकीच्या डॉक्टरकडे पाठवून बसली. शाळेचा फोन आला तेव्हा काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ कवळी रुमालात गुंडाळून उभे होते. ‘‘एक मिनिट,’’ ती त्यांना म्हणाली आणि फोन कानाला लावून भिंतीकडे वळली.

‘‘मिसेस हेस्केथ, ऑलरेनशॉ बोलतोय. टेगन इथे माझ्याजवळ आहे, फोन स्पीकरवर आहे. तिने हायर मागितलाय. तुमची संमती लागेल.’’

‘‘हो,’’ लोर्ना म्हणाली. ‘‘चालेल.’’

‘‘नाही, थांबा.’’ त्यांचा बसलेला आवाज ओशाळा झाला. ‘‘मागच्या वेळी तुम्ही हो म्हणालात आणि मी हो ऐकलं. या वेळी मला तसं नको. तुम्ही कशाला हो म्हणताय ते तुमच्या शब्दांत सांगा.’’

लोर्नाने भिंतीवर लावलेल्या दातांच्या चित्राकडे बघितलं.

‘‘ती विज्ञानाचे सगळे पेपर हायरचे देईल,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात तिला सहा मिळू शकतात. त्याहून जास्तही.’’

पलीकडून कागदावर लिहिल्याचा आवाज आला.

‘‘तुम्ही जेवणाच्या सुटीत तिचा राहिलेला भाग घ्याल.’’

‘‘घेईन.’’

‘‘आणि आता मागे येता येणार नाही.’’

‘‘बरोबर.’’

ती थांबली. पुढचं तिला माहीत होतं. ते टेगनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची वेळ येईल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं. मागे त्या गृहस्थांनी घसा खाकरला.

‘‘पुढचं पण सांग, मम,’’ टेगनचा आवाज आला. जवळून आल्यासारखा, आणि अजिबात स्थिर नव्हता.

‘‘आणि ती मधेच थांबली,’’ लोर्ना म्हणाली, ‘‘तर तिला काहीच मिळणार नाही. पाच नाही, चार नाही. दोन्हीच्या दोन्ही जातील. हे मला कळलंय, आणि मी हो म्हणतेय.’’

‘‘थँक यू,’’ टेगन म्हणाली.

‘‘झालं मग,’’ सर म्हणाले. ‘‘मी लगेच कळवतो.’’

फोन बंद झाल्यावरही लोर्ना थोडा वेळ तो तसाच धरून उभी होती. तिला कालच्याइतकीच भीती वाटत होती, कदाचित जरा जास्तच. मग ती वळली आणि म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाली, ‘‘बोला. कुठे दुखतंय?’’